धारेचे दुकान टाकणाऱ्या भाच्यास

धुळे

चि. बापू,

जळगावात धार लावण्याचे दुकान टाकायचे तू पक्के केलेस, हे ताईकडून कळले. पाठोपाठ तुझे फोटोही आले. पात्यात छताचा पंखा दिसावा इतकी चकाकी तू आणली आहेस. हात चांगला आहे, भो. मला मनापासून आनंद झाला आणि काही गोष्टी तुला सांगितल्याच पाहिजेत असेही वाटले. फोनवर त्या निसटून जातात. कागदावर असल्या तर दगडाशी बसल्यावर पुन्हा काढून वाचता येतील.

माझा जन्म सुतारकीत गेला. सकाळी पटाशी आणि रंध्याचे पाते पाजवल्याशिवाय सागाला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत होती. धारेचे मला जे काही कळते ते लाकडाकडून कळलेले आहे. तुझ्याकडे सुऱ्या येतील, कात्र्या येतील, विळे आणि पावश्या येतील. पण दगडावर पोलाद सगळीकडे एकाच नियमाने झिजते.

तुझ्या फोटोंत पात्याचे अंग चमकताना दिसते, पण नेमक्या कडेचा फोटो एकही नाही. कड बघायची ती अशी: सुरीची धार वर करून दिव्याखाली धर आणि मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू कलती कर. दोन बाजूंचे उतार जिथे भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती खरोखर भेटली असेल तर तिथून उजेड परत येत नाही, रेघ काळी दिसते. कुठे पांढरा ठिपका किंवा तुटक पांढरी रेघ चमकली, तर तिथे कड अजून जाड आहे. अंग कितीही आरशासारखे असो, ती सुरी टोमॅटोवरून घसरणार. गिऱ्हाइकाला हे दिव्याखाली दाखव. त्याला एकदा बघायची सवय लागली की तो तुझ्या कामाची पारख स्वतःच करील, आणि तुलाही तेच हवे असायला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. धार जन्माला येते ती जाड दगडावर, चामड्यावर नव्हे. एका बाजूने पाते दगडावर घासत राहिलो की एका क्षणी पोलाद कडेच्या पलीकडे वळते आणि दुसऱ्या बाजूला बारीक बर उठते. अंगठा पाठीकडून कडेकडे, धारेला आडवा सरकवला की ती बोटाला अडकते. धारेच्या दिशेने बोट कधीही फिरवायचे नाही, हे दुकानात येणाऱ्या पोराटोरांनाही सांगत जा. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली म्हणजेच या बाजूचा उतार कडेपर्यंत पोहोचला. मधे चार बोटे जागा बिनबरीची राहिली तर तिथे अजून घासायचे आहे, पुढच्या दगडाला हात लावायचा नाही. मग बाजू बदलायची, तिकडून बर उठवायची आणि त्यानंतर हात हलका करत करत दोन्ही बाजूंनी ती कमी करत आणायची. नवखा माणूस इथेच घाई करतो. 1000 नंबरच्या दगडावर बर पुरती उठलेली नसताना तो 3000 वर जातो, तिथून 8000 वर, तिथून चामड्याच्या पट्ट्यावर. नांगरट कच्ची सोडून नुसता वखर फिरवला तर रान वरून छान दिसते आणि पीक दगा देते, तसे ते काम. पट्टा धार घडवत नाही. दगडाने घडवलेल्या धारेवर उरलेली बर तो काढतो आणि दगडाचे ओरखडे पुसतो, एवढेच त्याचे काम. तेवढेच असले तरी ते नीट करावे लागते, त्याविषयी पुढे लिहितो.

कोन हाताला सापडेपर्यंत मोजायला लाज बाळगू नकोस. हिशेब सोपा आहे. पाते 4 सेंटिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून 1 सेंटिमीटर उचललेली असेल, तर कोन साधारण साडेचौदा अंशांचा होतो. तीच पाठ 1.4 सेंटिमीटर उचलली तर 20 अंश, 1.7 उचलली तर 25. लाकडाची एक छोटी पाचर कापून दगडाशेजारी ठेव आणि दर थोड्या वेळाने तिच्याशी पाते पडताळून बघ. दुसरी युक्ती मार्कर पेनची. उताराला काळी शाई फासायची आणि दोनदा दगडावर ओढायचे. शाई कडेजवळ उरली तर पाठ जास्त खाली आहे, वरच्या अंगाला उरली तर पाठ जास्त उचलली गेली आहे. मनगट स्थिर ठेवून कोपर आणि खांदा हलवायचा. टोकाकडे जाताना सुरी वळते, तिथे मूठ किंचित उचलावी लागते. नाहीतर टोकाजवळची धार दर वेळी राहून जाते. बहुतेक घरच्या सुऱ्या तिथेच बोथट सापडतील.

दगडाला पैसे फार लागत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दुपदरी काळा दगड हा खाणीतला नसतो, विजेच्या भट्टीत बनवलेल्या सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनला ते 1891 मध्ये सापडले आणि तेव्हापासून कारागिराला नशिबाने चांगला दगड मिळायची वाट बघावी लागली नाही. तो एक, त्याच्याबरोबर 1000 चा एक आणि 3000 चा एक, एवढ्यावर तुझे बहुतेक काम होईल. 8000 चा दगड तू घेतलाच आहेस तर तो सुताराच्या पटाशीला, रंध्याला आणि एखाद्या जुन्या वस्तऱ्याला वापर. दगड मधे खोलगट झाला की त्यावर कोन कधीच जमणार नाही. जाड काच घे, तिच्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटव, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मार आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घास. हे आठवड्याचे काम आहे, वर्षाचे नव्हे.

पट्ट्याकडे येतो. तुझ्या फोटोत पट्टा जाड, मऊ आणि खाली सैल दिसतो. चामडे जितके मऊ तितके पाते त्यात रुतते आणि पाते पुढे गेल्यावर चामडे उसळून कडेला वर ढकलते. तिथे कड गोल होते. तू जितके दाबशील तितकी जास्त. म्हणून चामडे पातळ आणि घट्ट हवे, सपाट फळीवर चिकटवलेले. पॉलिशची हिरवी वडी त्यावर खडूसारखी अगदी विरळ फिरव. तिच्यात क्रोमियम ऑक्साइडची फार बारीक भुकटी असते आणि थर जाड झाला तर तो नुसता चिखल होतो. पाठ पुढे, धार मागे, नेहमी असेच ओढायचे. धार पुढे केलीस तर पट्टा कापला जाईल. कोन दगडावरच्यापेक्षा कणभर कमी, हात पात्याच्या वजनाइतका हलका, दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा. एवढ्यात कागद चिरला नाही, तर आणखी पन्नास वेळा ओढून चिरला जाणार नाही. परत दगडावर जा.

न्हाव्यांचे चामोटे हे याच विद्येचे आपल्याकडचे शिखर होते. जुना वस्तरा दोन्ही अंगांनी पोखरलेला असे आणि त्याची पाठच कोन ठरवत असे. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या, बस्स. चूक व्हायला जागाच नाही. पुढे एड्सची जाणीव गावोगाव पोहोचली आणि दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड अडकवायची पद्धत आली. ती योग्यच झाली, ती मोडायचा विचारही करू नये. पण धोकटीतला दगड आणि चामोटे त्याबरोबर गेले. जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांत एखादा वयस्कर कारागीर अजून भेटेल ज्याचा हात त्या चामोट्यावर तयार झाला. त्याच्याकडे जा, पाया पड आणि त्याला एकदा वस्तरा ओढताना बघ. पट्ट्याच्या शेवटी पाते पाठीवर कसे उलटते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. धारेवर उलटवले की एका झटक्यात सगळी मेहनत जाते.

चामड्याशिवाय आणखी एक वस्तू तुला सांगतो, तिच्यासाठी मी हे पत्र खरे तर आठ दिवसांपूर्वीच लिहायला घेतले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आठवा अध्याय शस्त्रांचा आहे. त्यात शस्त्र पाजवायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे आणि धार बसवायला शाल्मलीची फळी. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर, जी फाल्गुनात सातपुड्यात लाल फुलांनी भरून जाते. शिरपूर, चोपडा, यावलच्या बाजूने कितीदा पाहिली असशील. तिचे लाकूड सुताराच्या दृष्टीने हलके, फर्निचरला आम्ही ते घेत नाही. पण मऊ आणि एकसारखे असल्यामुळे रंधून सपाट केलेल्या फळीवर हिरवी वडी उत्तम धरते आणि चामड्यासारखी उसळत नाही. मी पटाशी त्यावर ओढून बघितली आहे आणि चामड्यापेक्षा मला ती जास्त आवडते. आपल्या डोंगरातली वस्तू एवढ्या जुन्या ग्रंथात नेमक्या याच कामाला सांगितलेली आहे, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

त्याच अध्यायात धारेची मापे आहेत, ती तुझ्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहेत. फोडायच्या शस्त्राची धार मसुराएवढी, खरवडायच्या शस्त्राची अर्ध्या मसुराएवढी, शीर वेधायच्या आणि रक्त काढायच्या शस्त्राची केसाएवढी, छेद घ्यायच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. बघ बापू, ज्याच्या चुकीने माणूस दगावेल अशा वैद्यालाही सगळी शस्त्रे सारखीच तलम करायला सांगितलेले नाही. काम काय आहे ते बघून धार. तुझ्या फोटोंतली प्रत्येक सुरी एकाच कोनाची आणि एकाच चकाकीची आहे, आणि माझी खरी काळजी ही आहे.

तुझे गिऱ्हाईक कोण असेल याचा विचार कर. तू जळगावात बसणार, म्हणजे केळी आलीच. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून बख्ख्या येतील. पील, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, कापताना बख्खी मातीला लागते, मुरमाला लागते. तिला 15 अंशांची आरशासारखी धार दिलीस तर पहिल्याच दिवशी कडेचे तुकडे उडतील आणि तो शेतकरी पुन्हा येणार नाही. तिला 25 अंश दे, जाड दगडावरून उतरव, बर काढ आणि थांब. पण त्याच केळीच्या पॅकहाऊसमधून घडाच्या दांड्यावरून फण्या सोडवणारी बाकदार छोटी सुरी येईल, तिचा न्याय वेगळा. फणीच्या मुळाशी कापलेली जागा जितकी स्वच्छ आणि गुळगुळीत, तितका बुरशीला शिरकाव कमी. काप फाटका निघाला तर प्रवासात तिथूनच फणी काळी पडून सडायला लागते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, माल दूरदूर जातो, आणि त्या मालाचे आयुष्य एका छोट्या सुरीच्या कडेशी बांधलेले असते. ती सुरी 3000 पर्यंत ने, सावरीच्या फळीवर ओढ, मन लावून कर. केळीच्या चिकाने पाते काळे पडते, म्हणून ती रोज धुऊन पुसायला सांग. एका बागेतून दुसऱ्या बागेत हत्यार नेताना ते निर्जंतुक करायलाही सांग. हे सांगणे तुझे काम नाही असे समजू नकोस.

घरच्या सुऱ्या म्हणशील तर बाजारातल्या बहुतेक स्वस्त स्टेनलेसच्या, पोलाद मऊ. त्यांना 8000 ची चकाकी दोन दिवस टिकते. शिवाय टोमॅटोच्या आणि वांग्याच्या सालीला धारेत किंचित दाते लागतात. ते 1000 च्या दगडाचे आपोआप मिळतात, फार गुळगुळीत केले की जातात. 1000 वर नीट काम करून पट्ट्यावर चार-पाच वेळा हलके ओढलेस की आपल्या भरिताची कांद्याची पात आणि हिरवी मिरची ठेचली न जाता कापली जाईल. खाटकाच्या सुऱ्यालाही असेच दाते हवेत. पावशीचे पाते वाकडे आणि पाटाला बसवलेले, म्हणून तिथे दगड हातात घेऊन पात्यावर फिरवावा लागतो. लहान दगड वेगळा ठेव. शिंप्याच्या कात्रीला हात लावण्याआधी दहा वेळा विचार कर. तिची आतली बाजू किंचित पोकळ असते आणि दोन पाती फक्त कडेला भेटतात. ती आतून सपाट केलीस की कात्री कापड चावते, कापत नाही. फक्त बाहेरचा उतार, मूळ कोनातच. जमेपर्यंत जुन्या टाकाऊ कात्र्यांवर शीक, कुणाच्या पोटापाण्याच्या हत्यारावर नको.

बेंच ग्राइंडर घ्यायचा म्हणतोस. थोडा थांब. मिनिटाला जवळजवळ 2800 फेरे घेणाऱ्या चाकावर पात्याची पातळ कड क्षणात तापते. पोलाद वाळल्या गवतासारखे पिवळे दिसू लागले तिथे त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला सुरुवात झाली, निळे झाले म्हणजे उतरलेच. पाणी एकदा उतरले की ते दगडावर घासून परत येत नाही. लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी द्यावे लागते किंवा तेवढा भाग झिजवून टाकावा लागतो. आपले घिसाडी रस्त्याकडेला भाता लावून ट्रकच्या कमानपाट्यातून कोयता घडवतात, त्याला पाणी देतात. त्या माणसाची मेहनत तुझ्या अर्ध्या मिनिटाच्या घाईने जाऊ नये. मशीन घेतलेस तर बोट पात्यावर ठेव आणि ऊन लागले की लगेच पाण्यात. कापडी बफच्या चाकावर धार चाकाच्या फिरण्याला सामोरी कधीही धरू नकोस. बफ पाते ओढून घेते आणि फेकते, ते कुठे लागेल याचा नेम नसतो. शेजारी कुणाला उभे करू नकोस.

खान्देशच्या उन्हाळ्याचाही विचार कर. वैशाखात दगडावरचे पाणी बघता बघता उडते आणि कोरड्या दगडात पोलादाची भुकटी बसून तो गुळगुळीत होतो, मग कापत नाही. पाण्याची बाटली शेजारी ठेव. भिजलेला दगड उन्हात वाळवू नकोस, तडकतो. चामडे त्या दिवसांत वाळून कडक होते, त्याला महिन्यातून एकदा एरंडेलाचे बोट पुरे. आणि खंडेनवमीला लोक हत्यारांना हळदकुंकू लावतात, लावावेच. पण लोखंडी पात्यावर ते ओले राहिले की सकाळी गंज दिसतो. संध्याकाळी पुसून खोबरेलाचा हात फिरवा, असे गिऱ्हाइकांना आधीच सांग.

धुळ्याला येशील तेव्हा एक दुपार मोकळी ठेव, तुला समर्थ वाग्देवता मंदिरात नेतो. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव फिरून जमवलेली हस्तलिखिते तिथे आहेत. समर्थांच्याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. त्यात बोरू, शाई, कागद यांच्या जोडीला टाक तोडायच्या हत्याराचीही आठवण ठेवलेली आहे. बोरूचे टोक एका फटक्यात, तंतू न उसवता कापले गेले तरच अक्षराची कड सरळ येते. ती जुनी पाने बघताना अक्षराच्या कडा जवळून बघ. कुणा अज्ञात लेखकाची छोटी सुरी किती चांगली पाजवलेली होती ते तुझ्या डोळ्यांना कळेल, आणि ते बघायला तुझ्याइतका योग्य माणूस आपल्या घरात दुसरा नाही.

दराबद्दल ताईने विचारले होते. कमी घे, पण फुकट करू नकोस. पोलाद लागेल तेवढेच काढ, कारण दर वेळी सुरीचे आयुष्य थोडे जाते आणि सुरी तुझी नसते. जी सुरी धार धरणारच नाही तिच्यासाठी पैसे घेऊ नकोस, स्पष्ट सांग. काम झाल्यावर पाते जाड कागदात गुंडाळून, मूठ पुढे करून दे आणि धार ताजी आहे हे तोंडाने सांग. बोथट सुरीला दाबायची सवय झालेला हात घरी गेल्यावर तितकाच जोर लावतो आणि बोट कापून घेतो.

सावरीची एक फळी मी रंधून ठेवली आहे, जळगावला येणारे कुणी भेटले की पाठवतो. पहिल्या महिन्यात आलेल्या प्रत्येक हत्याराची वहीत नोंद कर: काय होते, कशावर चालते, कोणता कोन दिलास, किती दिवसांनी परत आले. ती वही मला दाखव. जे लवकर परत आले त्यांचा कोन कुठे बदलायचा ते आपण बसून ठरवू.

ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
मामा